नानांची जांभई

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, माझ्या वडिलांनी एक मोठी, ऐसपैस जांभई दिली. जबडा पुरता खाली गेला, जीभ दिसली, मागची पडजीभसुद्धा दिसली आणि तोंड पुन्हा मिटले. एरवी अशा गोष्टीची नोंद कोणी ठेवत नाही. परंतु तोवर तीन दिवस त्याच तोंडात चमचाभर पाणी जावे म्हणून आम्ही सगळे झटत होतो आणि दातांच्या दोन ओळींमध्ये बोट शिरेल एवढीही फट पडत नव्हती. त्याच सकाळी परिचारिकेने "आजोबा, आ करा, आ" असे पुन्हापुन्हा सांगून पाहिले होते आणि नाना तिच्याकडे नुसते टक लावून पाहत राहिले होते. जांभई पाहताच माझी आत्या म्हणाली, "बघितलंस? उघडतंय की व्यवस्थित. मनात नाही त्याच्या, दुसरं काय!" हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मलाही तसेच वाटले होते.

तसे वाटण्याला नानांचा लौकिकही थोडा कारणीभूत होता. नाना व्यवसायाने मुद्रितशोधक. पुण्याच्या पेठांतल्या छापखान्यांमध्ये त्यांनी जन्मभर इतरांच्या चुका काढल्या, आणि घरीही ते काम कधी थांबले नाही. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी दोन वेळा छापखान्यात परत पाठवली होती. पहिल्यांदा एका वेलांटीसाठी आणि दुसऱ्यांदा ती वेलांटी दुरुस्त करताना दुसरीकडे झालेल्या चुकीसाठी. असा माणूस चमच्यासमोर तोंड मिटून बसला, तर तो रुसला आहे असा समज होणे अगदी स्वाभाविक होते. मेंदूचा आघात माणसाचा हात नेतो, पाय नेतो, वाचा नेतो, हे आम्हाला ठाऊक होते. पण एकच तोंड जांभईसाठी उघडते आणि अन्नासाठी उघडत नाही, असे काही असू शकते याची आम्हा कोणालाच कल्पना नव्हती.

खरे तर नानांचा हा दुसरा आघात होता. पहिला २०१८ साली, गणपतीच्या दिवसांत झाला. सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळू लागले आणि आईला हाक मारताना शब्द जड झाले. आमच्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अजूनही जुने शेजारी आहेत. त्यांतल्या एका आजींनी "वारं गेलं हो अंगावरून" असे निदान केले, तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी "रात्री पंख्याखाली झोपले असतील, कानात वारं शिरलं, आठ दिवसांत जाईल" असा दिलासा दिला. दोघांच्या बोलण्यात वारे समान असले, तरी ते दोन वेगळ्या आजारांबद्दल बोलत होते. आयुर्वेदातही चेहरा वाकडा होण्याला अर्दित, अर्धे अंग जाण्याला पक्षाघात आणि जबडा जखडण्याला हनुग्रह अशी निरनिराळी नावे आहेत. म्हणजे हा फरक आपल्याकडे पूर्वीपासून जाणलेला आहे, फक्त रोजच्या बोलण्यातून तो निघून गेला.

आमच्या घरच्या डॉक्टरांनी तो फरक अर्ध्या मिनिटात दाखवून दिला. त्यांनी नानांना भुवया वर करायला सांगितल्या आणि नानांच्या कपाळावर दोन्ही बाजूंना सारख्या आठ्या पडल्या. कपाळ सुटले आहे आणि फक्त ओठांचा कोपरा पडला आहे, तेव्हा ही चेहऱ्याच्या नसेची सूज नव्हे, मेंदूतच काहीतरी झाले आहे, असे ते म्हणाले आणि त्यांनी आम्हाला तिथून थेट मोठ्या दवाखान्यात पाठवले. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जाणारा जो लकवा आहे, त्यात चेहऱ्याची नसच, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातवी, दुखावते. मेंदूकडून येणारा प्रत्येक निरोप त्याच नसेतून जात असल्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंतची पूर्ण अर्धी बाजू लुळी पडते आणि त्या बाजूचा डोळाही नीट मिटत नाही. मेंदूच्या आघातात मात्र कपाळ वाचते, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून निरोप येतात, तर चेहऱ्याच्या खालच्या भागाला ते मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडून येतात. एक अर्धगोल बंद पडला, तर कपाळाचे काम दुसरा चालवून नेतो.

त्या वेळी आम्ही वेळेत पोहोचलो. नानांचा आघात मेंदूच्या डाव्या बाजूला होता. दोन-तीन आठवड्यांत बोलणे सुधारले, ओठाचा कोपरा जवळजवळ जागेवर आला आणि नाडी अनियमित आहे हे कारणही सापडले. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत राहिला, की तिथे रक्त साकळते आणि गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली, ती जन्मभरासाठी. पुढची पाच वर्षे सगळे इतके सुरळीत होते, की तो आघात म्हणजे संपलेले प्रकरण आहे असेच आम्ही समजून चाललो.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये नानांची एक दाढ काढायची होती. रक्तस्राव होईल या भीतीने त्यांनी ती गोळी स्वतःच्या मनाने बंद केली आणि दाढ काढून झाल्यावर ती पुन्हा सुरू करायचे विसरले. साधी दाढ काढताना ही गोळी पुष्कळदा थांबवावीही लागत नाही, आणि थांबवायची झालीच तर किती काळ ते डॉक्टर ठरवतात, हे आम्हाला नंतर कळले. आठव्या दिवशी सकाळी सहाला दुधाची पिशवी घेताना ते शेजाऱ्यांशी बोलले होते. सातला चहाचा कप त्यांनी ओठांपर्यंत नेला आणि तो तिथेच थांबला. ओठ विलग होईनात. आईने "अहो, काय झालं?" असे विचारले, तेव्हा त्यांच्या घशातून फक्त अस्पष्ट आवाज आला.

इथे आमची जी चूक झाली, ती सविस्तर सांगायला हवी. चेहरा, हात, वाणी आणि वेळ ही आघाताची चतुःसूत्री पहिल्या अनुभवानंतर आम्हाला पाठ होती. मी कोथरूडहून धावत आले आणि आधी चेहरा पाहिला. तो वाकडा नव्हता. हात वर करायला सांगितले, दोन्ही वर गेले. डावा जरा हळू गेला, तिकडे मी लक्ष दिले नाही. नाना स्वतःच्या पायांनी दोन मजले उतरून खाली आले. तोंड उघडत नाही, बोलता येत नाही, आठवड्यापूर्वी दाढ काढली आहे. तेव्हा जबडा धरला असणार, असा सरळ हिशेब आम्ही केला. दंतवैद्यांची वेळ अकराची होती आणि आम्ही तिथे वाट पाहत बसलो. त्यांनी मात्र जबड्याचा सांधा दाबून पाहताच सांगितले, की सांधा मोकळा आहे, लाळ गिळली जात नाही, हे दातांचे दुखणे नव्हे, इथे एक मिनिटही थांबू नका. दवाखान्यात पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले होते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि आमचे घड्याळ सकाळी सहापासून चालू होते.

चेहरा वाकडा का नव्हता, याचे उत्तर इतके साधे आहे, की ते आधी सुचले नाही याचे आजही वाईट वाटते. वाकडेपणा दिसण्यासाठी एक बाजू चांगली असावी लागते. नानांच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या, म्हणून चेहरा सरळ, शांत आणि निर्विकार दिसत होता. वाणीची एक खूण तेवढी ओरडून सांगत होती आणि तिचा दोष आम्ही दाढेच्या माथी मारला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेंदूविकारतज्ज्ञ फेरीवर आले, तेव्हा आत्याने जांभईची तक्रार त्यांच्या कानावर घातली. ते हसले नाहीत. "तुम्ही स्वतः पाहिलीत ना? किती मोठी होती?" असे त्यांनी बारकाईने विचारले आणि मग आमच्यासमोरच नानांची तपासणी केली. भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा, जीभ बाहेर काढा. यांतले काहीही नानांना जमले नाही. या खेपेला कपाळही सुटले नव्हते. मग त्यांनी कापसाचे टोक डोळ्याच्या कडेला लावले आणि पापण्या झटकन मिटल्या. रात्री झोपेत डोळे मिटलेले असतात, हे आईने सांगितले. हनुवटीवर बोट ठेवून त्यावर त्यांनी लहान हातोडी हलकेच मारली, तर जो जबडा तीन दिवस सांगून हलला नव्हता, तो चक्क उडाला. तोंड उघडणारे आणि मिटणारे स्नायू, त्यांच्या नसा, सांधा, सगळे शाबूत असल्याचा तो पुरावा होता.

मग त्यांनी नानांचा व्यवसाय विचारला, आणि मी तो सांगताच नानांनी कागद-पेन्सिल मागितली. त्यांचा उजवा हात चांगला होता. समोरच्या भिंतीवर "नातेवाईकांनी गर्दी करु नये" अशी पाटी होती. नानांनी कागदावर लिहिले, "करू. दीर्घ." डॉक्टरांना हसू आले, आम्हालाही आले आणि आमच्याबरोबर नानाही हसले. गाल वर गेले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, दात दिसले, घशातून आवाजही निघाला. हसू ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, "नाना, आता पुन्हा एकदा हसून दाखवा." नानांचा चेहरा भिंतीसारखा कोरा राहिला; डोळ्यांतून मात्र ते प्रयत्न करत असल्याचे स्पष्ट दिसत होते.

या प्रकाराला फ्वा, शाव्हानी आणि मारी या तीन फ्रेंच डॉक्टरांची नावे आहेत, कारण त्यांनी १९२६ साली त्याचे वर्णन केले. मेंदूच्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, एक खोल घडी असते आणि तिच्यावर झाकणासारखा भाग येतो; त्याचे लॅटिन नावही झाकण याच अर्थाचे आहे. ओठ, जीभ, गाल, जबडा आणि घसा यांना इच्छेनुसार हलवणारे केंद्र तिथे, पुढच्या बाजूला असते. एका बाजूचे झाकण निकामी झाले, तर तात्पुरती गैरसोय होते. दोन्ही बाजूंची निकामी झाली, तर इच्छेने होणारे सगळे थांबते. एमआरआयच्या चित्रात डाव्या बाजूला २०१८चा जुना व्रण होता आणि उजव्या बाजूला, जवळजवळ त्याच जागी, नवा पांढरा डाग होता.

मला हे समजले ते आमच्या इमारतीच्या पाण्यावरून. आम्हाला महापालिकेचे पाणी येते आणि बोअरचेही येते. बोअरची मोटर जळाली तरी वरच्या मजल्यावरचा नळ चालू राहतो, त्यामुळे ती जळालेली मोटर महिनोन्महिने तशीच पडून राहते, आणि महापालिकेचे पाणी बंद झाल्याच्या दिवशी सगळे सोसायटीच्या सचिवांकडे धावतात. जबडा आणि घसा यांना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांचा पुरवठा असतो. म्हणूनच एका बाजूच्या आघातात जबडा सहसा जात नाही, आणि म्हणूनच तो जातो तेव्हा कोणाला आघाताची शंका येत नाही. नानांची एक वाहिनी पाच वर्षांपूर्वीच जळाली होती. बरे झालेले बोलणे दुसऱ्या वाहिनीच्या आधाराने चालले असणार, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

जांभई आणि हसू यांचा मार्ग या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तो मेंदूच्या खोल भागांतून आणि मेंदूच्या देठातून येतो, इच्छेच्या केंद्रांना वळसा घालून चेहऱ्याच्या नसांच्या उगमापाशी पोहोचतो. द्युशेन या फ्रेंच डॉक्टराने १८६२ सालीच नोंदवले होते, की खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा जो स्नायू आकसतो, तो हुकमाला दाद देत नाही. छायाचित्रकार "जरा हसा" म्हणाला की आपला चेहरा जो अवघडतो, त्याचे कारण हेच. याच्या उलटही घडते: मेंदूच्या काही खोल जागी आघात झालेल्या रुग्णाला सांगितल्यावर दात सारखे दाखवता येतात, पण खरोखर हसू आले की चेहऱ्याची एकच बाजू हसते. एकाच चेहऱ्यावर दोन धन्यांची सत्ता असते आणि एरवी त्यांचे इतके जमते, की ते दोन आहेत याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे कळल्यावर आत्या नानांच्या पायाशी बसून रडली. नानांनी तिला कागदावर लिहून दिले, "मलाही कळत नव्हते. मला वाटले, मी विसरलो." तोंड कसे उघडायचे हेच आपण विसरलो, असे तीन दिवस त्यांना वाटत होते, हे वाचून मला त्या जांभईपेक्षाही जास्त धक्का बसला.

यानंतरही गैरसमजाचे प्रसंग यायचे थांबले नाहीत. दात घासून देताना नानांनी माझे बोट चावले, तेही इतके जोरात, की नख काळेनिळे झाले. तो रागही नव्हता. तान्ह्या बाळाच्या हिरडीला बोट लावले की ते हिरड्या मिटते. मेंदूची वाढ होते तशी ही क्रिया दबते, आणि वरचा ताबा सुटला की ती पुन्हा डोके वर काढते. जबडा उघडता येत नाही, पण मिटण्याची ओढ मात्र अनावर असते, असा हा उफराटा प्रकार आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला स्टीलचा चमचा बंद करायला लावून मऊ रबरी चमचा आणायला सांगितला, आणि तो दातांत धरला गेला तर ओढायचा नाही, जबडा आपोआप सैल होईपर्यंत थांबायचे, हे शिकवले. ओढले की पकड आणखी घट्ट होते. बोट तर दातांमध्ये कधीच घालायचे नाही. दात बाहेरून, गालाच्या बाजूने घासायचे. नळीने अन्न चालू असले तरी तोंड दिवसातून दोन-तीन वेळा स्वच्छ करावेच लागते, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले, तर न्यूमोनिया होतो. या एका गोष्टीकडे नातेवाइकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे त्या कळकळीने सांगत.

शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांचा डावा हात पूर्ण लुळा होता, आणि तोच हात जांभई आली की आपोआप कोपरात वाकून छातीपर्यंत उचलला जाई. पहिल्यांदा हे घडले, तेव्हा त्यांच्या पत्नीने त्याच संध्याकाळी सारसबागेतल्या गणपतीला नारळ वाढवला. डॉक्टरांनी त्यांना फार हळुवारपणे समजावले, की हा प्रकार त्यांना माहीत आहे, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००५ साली त्याला स्वतंत्र नावही दिले आहे, आणि त्यावरून हात सुधारतो आहे असे समजता येत नाही. जांभईचा मार्ग जुना आहे आणि मेंदूच्या वरच्या थराचा लगाम सुटल्यावर तो हातालाही ओढून नेतो. त्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "असू दे. उचलला तर खरा." मला त्यांचे म्हणणे पटले.

घरी आल्यावर दुसऱ्या महिन्यात नानांचे हसणे बिघडले. नानांचे एक जुने सहकारी वारले, त्यांचा मुलगा कळवायला आला, आणि नाना मोठ्याने हसू लागले. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मुलगा गोरामोरा झाला. आईने त्याला स्वयंपाकघरात नेऊन समजावले आणि इकडे नानांनी थरथरत्या अक्षरात लिहिले, "हसत नाही." जुन्या पुस्तकांमध्ये याला नुसते हसण्या-रडण्याचे झटके म्हटले जाई. यात भावना आणि तिचे प्रकटन यांच्यातला ताबा सुटतो, लहानशा कारणाने हसू किंवा रडू फुटते आणि ते मनातल्या भावनेशी जुळतेच असे नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्या अगदी कमी मात्रेत दिल्या, तरी याला उतार पडतो. नानांनाही पडला. परंतु डॉक्टरांना हे सांगायला हवे हे आम्हाला सुचलेच नसते. आम्ही ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो असतो.

वाचा-उपचाराच्या प्रतीक्षाकक्षात भेटलेल्या एका बाईंची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वय चाळिशीचे, दिसायला ठणठणीत. एका सकाळी त्यांच्या ओठांचा डावा कोपरा आणि डाव्या हाताचा अंगठा नि तर्जनी एकदम बधिर झाली. दंतवैद्याच्या भुलीच्या इंजेक्शननंतर होते तशी. ओठ आणि बोटे शरीरात एकमेकांपासून दूर असली, तरी मेंदूच्या खोल भागात, थॅलॅमसमध्ये, त्यांच्या संवेदनांची ठाणी शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे तांदळाच्या दाण्याएवढ्या आघातातही दोन्ही एकदम जातात. आधी त्यांचा हा बधिरपणा कोणी मनावर घेतला नाही. काही आठवड्यांनी बधिर गालाची आग होऊ लागली. पंख्याचा वारा लागला तरी गाल भाजल्यासारखा होई आणि स्कूटरवरून जाताना पुण्यातल्या बायका तोंडाला जो स्कार्फ गुंडाळतात, तो त्यांना सहन होईना. त्या स्कूटर सोडून बसने येत असत. देजेरिन आणि रूसी यांनी १९०६ साली वर्णन केलेली ही वेदना नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना जुमानत नाही. तिच्यावर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधे द्यावी लागतात आणि तीही हळूहळू मात्रा वाढवत. त्यांना सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर चेहऱ्यावर काहीच दिसत नसल्याचा. "नाना निदान बोलत नाहीत हे तरी लोकांना कळतं," असे त्या एकदा म्हणाल्या, आणि नानांनी त्यावर मान डोलावली.

नानांची प्रगती संथ आहे. पहिले पाच महिने पोटातून बसवलेल्या नळीनेच अन्न चालू होते. चावणे आणि जिभेने घास मागे ढकलणे ही इच्छेची कामे. घास जिभेच्या मागच्या भागापर्यंत पोहोचला की गिळणे बरेचसे आपोआप होते, आणि नानांची ती प्रतिक्षिप्त क्रिया पुष्कळ शाबूत होती. म्हणून तपासणी करून, दोन वेळा चित्रे घेऊन, आधी घट्ट नाचणीची खीर, मग सरबरीत वरणभात, असा क्रम बाईंनी लावून दिला. पाणी अजूनही घट्ट करूनच द्यावे लागते. पातळ पाणी घशात फार वेगाने उतरते आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हे सगळे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले, आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी माझा हा मजकूर वाचून चमचा हातात घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

व्यायामातली एक युक्ती मात्र मला फार आवडली. इच्छेची वाट बंद आहे, तर आपोआप घडणाऱ्या क्रियेचे बोट धरून तिच्यात शिरायचे. नाना जांभई देऊ लागले, की बाई त्यांना आरसा दाखवत आणि जांभई संपता संपता जबडा तिथेच धरून ठेवायला सांगत. पहिले कितीतरी दिवस जबडा मिटून जाई. मग एकदा तो क्षणभर थांबला. आता सांगितल्यावर नानांचे तोंड दोन बोटे उघडते. "आ" हा स्वर येतो; ओठांची व्यंजने येत नाहीत, त्यामुळे आईला "माई" अशी हाक मारण्याऐवजी ते "आई" असेच म्हणतात, आणि आई त्यावर दर वेळी "मी तुमची आई नव्हे" असे उत्तर देते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डबा आता आईच्या ताब्यात आहे.

हा लेख मी लिहून झाल्यावर छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला. परत आला तेव्हा समासात नेहमीच्या खुणा होत्या: चार ऱ्हस्व-दीर्घ, एक विरामचिन्ह, आणि एका ठिकाणी "पाल्हाळ" असा शेरा, जो मी मान्य केलेला नाही. पहिल्या मसुद्यात मी "नानांना तोंड उघडता येत नव्हते" असे वाक्य लिहिले होते. त्यात "नानांना"च्या पुढे त्यांनी काकपद काढले होते आणि वर बारीक, स्वच्छ अक्षरात "सांगितल्यावर" हा शब्द भरला होता.